टर्की लुसलुशीत हवी, पण बाधायला नको

दिवाळी सरली की माझ्या दवाखान्यात एका निराळ्या प्रकारची मंडळी येऊ लागतात. त्यांना आजार म्हणावा असा काही नसतो. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले हे आई-वडील असतात. रक्तदाबाच्या गोळ्या किती महिन्यांच्या न्यायच्या, विमानात पाय सुजतात त्याला काय करायचे, तिकडची थंडी सोसेल का, असे त्यांचे प्रश्न असतात. अलीकडे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, नोव्हेंबरात तिकडे ती टर्की भाजतात, ती आम्ही खावी की नाही?"

खोलात शिरले की दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. एक काकू म्हणतात, "सूनबाईंनी पाच तास ओव्हनमध्ये ठेवली, तर छातीचे मांस अगदी चोथ्यासारखे. घास पाण्याबरोबर गिळावा लागला." दुसरे गृहस्थ सांगतात, "जावयांनी लवकर बाहेर काढली, तर तंगडीच्या हाडाशी कच्ची निघाली. मुलगी सातव्या महिन्यात, आम्ही दोघे साठीच्या पुढचे. खावी की टाकावी, कळेना."

वरवर पाहता या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. एकीची टर्की जास्त भाजली, दुसऱ्याची कमी. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. मांस शिजले की नाही, हे दोन्ही घरांत अंदाजाने ठरवले गेले. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याच्या घरी दोनदा या पक्ष्याच्या तयारीत मी हातभार लावला आहे. तो अनुभव आणि वैद्यकशास्त्र यांची सांगड घालून आज चार गोष्टी सांगतो. शाकाहारी वाचकांनी या आठवड्यापुरते सांभाळून घ्यावे. उरलेल्या अन्नाविषयीचा भाग मात्र त्यांच्याही उपयोगाचा आहे.

हा सण आणि हा पक्षी

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग' हा कृतज्ञतेचा सण असतो. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली तो देशभर पाळण्याची घोषणा केली आणि १९४१ साली कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. त्या दिवशी सारे कुटुंब एकत्र जमते आणि मधोमध अख्खी भाजलेली टर्की असते. पुढे नाताळातही अनेक घरी तोच बेत होतो.

टर्की मूळची उत्तर अमेरिका खंडातली. तरी आपल्या देशाला ती अगदीच नवी नाही. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या सरदाराने गोव्याहून दरबारात आणलेल्या नवलाच्या प्राण्यांत हा पक्षीही होता. उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गंमत अशी की, इंग्रज ज्याला 'टर्की' म्हणतात त्याला तुर्की लोक 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'!

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याचा आकार. आपण बाजारातून आणतो ती कोंबडी एक-दीड किलोची आणि तीही तुकडे केलेली. सणाची टर्की १२ ते १६ पौंडांची, म्हणजे साडेपाच ते सात किलोंची असते आणि ती अख्खी शिजवायची असते. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

मांस कोरडे का पडते?

कच्च्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. ते प्रथिनांच्या बारीक तंतूंमध्ये धरून ठेवलेले असते. उष्णता लागली की हे तंतू आकसतात. अंड्याचा पातळ बलक शिजून घट्ट होतो, तसाच हा प्रकार. आकसणे १२० अंश फॅरनहाईटच्या आसपास सुरू होते, १५० च्या पुढे वाढते आणि १७०-१८० अंशांपर्यंत तंतू ओले कापड पिळावे तसे पाणी बाहेर टाकतात. ते पाणी एकदा गेले की पुन्हा आत जात नाही.

आता याच पक्ष्याचे दोन भाग पाहा. पाळीव टर्की उडत नाही, त्यामुळे छातीच्या स्नायूंना काम थोडे. ते मांस पांढरे, कमी चरबीचे आणि नाजूक असते. तंगड्या मात्र दिवसभर चालतात. त्यांच्यात चरबी आणि चिवट तंतू जास्त. हे चिवट तंतू जास्त उष्णतेवर हळूहळू विरघळतात आणि मांस मऊ होते. पायाचे सूप गार झाल्यावर जेलीसारखे थिजते, ते याच विरघळलेल्या पदार्थामुळे. म्हणून छातीचे मांस १६५ अंशांना उत्तम लागते, तर तंगडी १७५-१८० अंशांपर्यंत गेली तरच चांगली मऊ होते.

आणि ओव्हनमध्ये घडते नेमके उलटे. छाती वर उघडी असते, ती लवकर तापते. तंगडीचा सांधा अंगाला चिकटून खाली दडलेला, तो मागे राहतो. तंगडी शिजेपर्यंत थांबावे तर छाती वातड होते, आणि छाती पाहून बाहेर काढावी तर तंगडी कच्ची राहते. एकाच ताटात कोरडे मांस आणि कच्चे मांस असे दोन्ही येऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टर्की भाजण्याच्या साऱ्या चांगल्या पद्धती म्हणजे छातीला मागे ठेवून तंगडीला पुढे ढकलण्याच्या युक्त्या होत.

कच्ची राहिली तर काय होते?

साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे दोन जंतू कच्च्या कोंबडीत व टर्कीत आढळतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना वासही नसतो. साल्मोनेला पोटात गेल्यापासून सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही जुलाब, ताप आणि पोटात मुरडा सुरू होऊ शकतो. कॅम्पायलोबॅक्टरची लक्षणे साधारण दोन ते पाच दिवसांनी दिसतात. धडधाकट माणूस बहुधा आठवड्याभरात बरा होतो. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, पासष्टीच्या पुढचे लोक आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना मात्र हा आजार जड जातो. लेकीच्या बाळंतपणासाठी आई-वडील अमेरिकेला गेले, तर त्या एका घरात यांतले तीन प्रकार एकाच टेबलाभोवती बसलेले असतात!

ही नुसती भीती नाही. २०१७ ते २०१९ या काळात अमेरिकेत कच्च्या टर्कीशी संबंधित साल्मोनेलाची मोठी साथ आली. ४२ राज्यांत आणि कॅनडात मिळून ३५८ जणांना बाधा झाल्याची नोंद आहे. त्यांतील १३३ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एक जण दगावला.

हात लावून ताप पाहू नका

मुलाचे अंग गरम लागते म्हणून आई कपाळावर हात ठेवते. पण ताप ९९ आहे की १०३, हे थर्मामीटरच सांगतो. टर्कीचेही तसेच आहे. कातडी तांबूस झाली, सुरी सहज शिरली, पाणी स्वच्छ निघाले, या सगळ्या हात लावून ताप पाहण्याच्या तऱ्हा. पूर्ण शिजलेले मांससुद्धा हाडाजवळ गुलाबी दिसू शकते आणि पांढरे दिसणारे मांस आतून अपुरे शिजलेले असू शकते.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सुटसुटीत आहे. मांसाच्या आतले उष्णतामान सर्वत्र किमान १६५ अंश फॅरनहाईट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस झाले पाहिजे. त्या उष्णतेला हे रोगजंतू तत्काळ मरतात. २००६ पूर्वी अख्ख्या पक्ष्यासाठी १८० अंश सांगितले जात असे. जुन्या पाकपुस्तकांत तोच आकडा आढळतो. छातीचे मांस चोथा होण्याचे ते एक मोठे कारण आहे.

यासाठी टोकदार सळईचा, स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो. त्याची किंमत टर्कीपेक्षा फार नसते. सळई तीन ठिकाणी खुपसून पाहावी: छातीच्या सर्वांत जाड भागात, मांडी अंगाला जुळते तिथे आतल्या बाजूस आणि तंगडीच्या जाड भागात. टोक हाडाला लागू देऊ नये, नाहीतर आकडा चुकतो. तिन्ही ठिकाणी १६५ दिसले की निर्धास्त व्हावे.

एक सूचना आवर्जून करतो. ताप पाहण्याचा आपला थर्मामीटर यासाठी कदापि वापरू नये. त्याची मोजपट्टी १०८ अंशांच्या आसपास संपते. काच फुटून पारा अन्नात जाईल. काही टर्कींच्या छातीत कारखान्यातूनच प्लॅस्टिकची खुंटी बसवलेली असते. मांस तापले की ती वर उडी मारते. तिच्यावरही एकटीवर विसंबू नये.

तयारी सोमवारपासून

टर्की बहुधा दगडासारखी गोठलेली मिळते. हाडाजवळ कच्ची राहण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे आतला बर्फ पुरता न वितळणे. फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. १२ पौंडांच्या टर्कीला तीन दिवस, १६ पौंडांच्या टर्कीला चार. गुरुवारी भाजायची तर सोमवारी सकाळी किंवा त्याही आधी ती खाली फ्रीजमध्ये यायला हवी. खोल परात घ्यावी, म्हणजे गळणारे पाणी भाजीवर पडणार नाही. ओट्यावर रात्रभर ठेवून देण्याची पद्धत वाईट. आत बर्फ असतो, पण बाहेरचे मांस कोमट होऊन तिथे जंतू वाढू लागतात.

विसरायला झालेच तर पिशवीत घट्ट बांधून थंड पाण्यात बुडवावी. पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे. पौंडाला अर्धा तास धरला तर १२ पौंडांना सहा तास होतात. अशी टर्की लगेच शिजवली पाहिजे. पोटाच्या पोकळीत काळीज, मान वगैरेंची पुडी असते, ती आठवणीने काढावी.

यानंतर आपल्या बायकांचा हात नळाकडे जातो. कोंबडी हळद-मिठाने चोळून धुण्याची आपली सवय जुनी आहे. पण धुण्याने जंतू मरत नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, नळावर, शेजारच्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. धुण्याऐवजी कागदी रुमालाने टिपून घ्यावी, तो कागद फेकावा आणि हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. पाट आणि सुरी गरम पाण्याने व साबणाने धुतल्याशिवाय त्यांवर काकडी-टोमॅटो चिरू नयेत.

मीठ लावण्याचे महत्त्व

मांस लुसलुशीत ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय म्हणजे मीठ, तेही आदल्या दिवशी. मीठ सावकाश आत शिरते, प्रथिनांचे तंतू थोडे सैल करते आणि मग शिजताना ते पाणी कमी पिळून टाकतात. पाच पौंडांना सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे साधे मीठ घ्यावे. छातीला आणि मांडीला जरा जास्त, बाकी अंगाला थोडे चोळावे. मग टर्की एक-दोन दिवस फ्रीजमध्ये उघडी ठेवावी. उघडी ठेवल्याने कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. हे दिवस बर्फ वितळण्याच्या दिवसांखेरीज धरावेत. म्हणजे मीठ लावायचे असेल तर सुरुवात शनिवार-रविवारीच करायला हवी.

बादलीभर मिठाच्या पाण्यात टर्की बुडवण्याचीही पद्धत आहे. तिनेही मांस मऊ राहते. पण तेवढी जागा फ्रीजमध्ये नसते, आणि कच्च्या मांसाचे ते पाणी सांडले की सारे स्वयंपाकघर पुसावे लागते. मला कोरडे मीठच सोयीचे वाटते.

आधी वेष्टनावरचा मजकूर मात्र वाचावा. पुष्कळ टर्कींत कारखान्यातच मिठाचे पाणी टोचलेले असते आणि तसे छापलेले असते. अशा टर्कीला पुन्हा मीठ लावू नये. खारटपणा तर वाढतोच, शिवाय रक्तदाबाच्या रुग्णांना ते मानवत नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

तिकडची आपली मंडळी दही, आले-लसूण आणि तिखट लावून तंदुरी थाटाची टर्कीही करतात. चवीला छानच लागते. फक्त लक्षात ठेवावे की दही आणि मसाला वरच्या थरातच राहतात. आतपर्यंत जाते ते मीठ. म्हणून मीठ आदल्या दिवशी लावावे, मसाला नंतर. मसाला लावलेली टर्कीही फ्रीजमध्येच ठेवावी.

भाजण्याच्या तीन पद्धती

पहिली, अख्खी टर्की. ओव्हन ३२५ अंश फॅरनहाईटवर ठेवावा, त्याखाली नको. मंद आचेवर रात्रभर ठेवली तर मांस जंतूंना पोषक अशा कोमट अवस्थेत फार वेळ राहते. अंगाला तेल किंवा लोणी चोळावे. पोटात सारण भरलेले नसेल तर १२ ते १४ पौंडांच्या टर्कीला तीन ते पावणेचार तास लागतात. छाती तांबूस झाली की फक्त तेवढ्या भागावर ॲल्युमिनियमची फॉईल झाकावी. छातीला मागे ठेवण्याची ही साधी युक्ती. सांगितलेली वेळ संपण्याच्या पाऊण तास आधीपासून थर्मामीटर लावून पाहावे. दर पंधरा मिनिटांनी ओव्हन उघडून वरून रस ओतत बसू नये. तो रस आत शिरत नाही, ओव्हन मात्र गार होतो आणि वेळ वाढतो.

दुसरी, चपटी टर्की. मजबूत कात्रीने पाठीचा कणा कापून काढायचा आणि उलटी करून छातीच्या हाडावर तळव्याने जोर देऊन ती पुस्तकासारखी उघडायची. तंगड्या आता झाकलेल्या राहत नाहीत, त्यांनाही छातीइतकीच आच लागते. ४२५ ते ४५० अंशांवर १२ पौंडांची टर्की दीड तासाच्या आसपास होते. दुकानदार सांगितल्यास कणा काढून देतात. अख्खी टर्की मिरवायची हौस नसेल तर ही पद्धत सरस आहे.

तिसरी, तुकड्यांची. आपल्याला ही सर्वांत ओळखीची. छाती आणि तंगड्या वेगळ्या करून एकाच ओव्हनमध्ये ठेवाव्यात. छाती १६५ झाली की बाहेर काढावी, तंगड्या १७५-१८० होईपर्यंत राहू द्याव्यात. प्रत्येक भागाला हवी तेवढीच आच मिळते. घरात चार-पाचच माणसे असतील तर नुसती छाती किंवा नुसत्या तंगड्याही विकत मिळतात. मग सात किलोंचे ओझे कशाला?

पोटात पावाचे सारण भरण्याची तिकडे प्रथा आहे. त्यात कच्च्या मांसाचा रस झिरपतो, म्हणून सारणाच्या मध्यभागीही १६५ अंश व्हावे लागतात आणि तोवर छाती कोरडी पडते. सारण वेगळ्या भांड्यात भाजावे. अख्खी टर्की उकळत्या तेलात तळण्याच्या फंदात तर घरी पडूच नये. बर्फ राहिलेली टर्की कढईत सोडली की तेल उसळून आग लागते. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी अमेरिकेत स्वयंपाकघरातल्या आगी वर्षात सर्वाधिक लागतात.

बाहेर काढल्यावर

लगेच सुरी चालवू नये. वीस ते तीस मिनिटे तशीच ठेवावी. तेवढ्या वेळात आतली उष्णता सारखी पसरते, रस थोडा दाटतो आणि कापताना परातीत वाहून जात नाही. छातीचे मांस तंतूंच्या आडवे कापावे, म्हणजे दातांना ओढावे लागत नाही.

एवढे करूनही छाती कोरडी झाली, तर काप करून त्यांवर टर्कीचा गरम रस किंवा सूप ओतावे. हाडाशी मांस १६५ पेक्षा कमी भरले, तर टर्की टाकून देण्याचे कारण नाही. तंगड्या कापून पुन्हा ओव्हनमध्ये ठेवाव्यात आणि आकडा गाठू द्यावा. पाहुणे दहा मिनिटे खोळंबले तरी चालतील.

उरलेल्या मांसाचे काय?

भाजताना सांभाळले आणि नंतर हयगय केली, असेही होते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. अन्न कोमट अवस्थेत बराच वेळ राहिले की ते रुजतात आणि झपाट्याने वाढतात. असे अन्न खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. अमेरिकेत या बाधेचे प्रसंग नोव्हेंबर-डिसेंबरात विशेष आढळतात. कारण उघड आहे: मोठाले मांस, पुष्कळ पाहुणे आणि दिवसभर टेबलावर मांडलेले जेवण.

म्हणून वाढल्यापासून दोन तासांच्या आत मांस हाडावरून सोडवून, उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. अख्खा सांगाडा तसाच आत ठेवला तर तो मधून गार व्हायला फार वेळ लागतो. फ्रीजमध्ये मांस तीन-चार दिवस टिकते. पुढे ठेवायचे तर फ्रीझरमध्ये. खाताना वाफा येईपर्यंत गरम करावे. रस्सा किंवा पुलाव करायचा असेल तर हे शिजलेले मांस शेवटी घालावे, नाहीतर पुन्हा चोथा!

ज्येष्ठांसाठी चार शब्द

टर्कीचे मांस मधुमेहींना वर्ज्य नाही. साखर वाढते ती सोबतचे कुस्करलेले बटाटे, रताळ्याचा गोड पदार्थ, क्रॅनबेरीची चटणी आणि भोपळ्याचा पाय यांनी. या दिवशीचे मुख्य जेवण पुष्कळ घरी दुपारी तीन-चारला असते. 'मोठे जेवण आहे' म्हणून सकाळी उपाशी राहून इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतली, तर साखर एकदम उतरून घाम आणि चक्कर येते. सकाळी नेहमीची न्याहारी करावी. औषधाची वेळ निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावी. रक्तदाब असेल तर ग्रेव्ही चमचाभरच घ्यावी. टर्कीने झोप येते असा तिकडे समज आहे. पण झोप आणणारे म्हणून ज्या घटकाचे नाव घेतात, तो कोंबडीतही जवळजवळ तितकाच असतो. झोप येते ती भरगच्च जेवणाने.

जुलाब झाले तर ओआरएसचे पाणी घोट घोट घ्यावे. १०२ अंशांच्या वर ताप, शौचात रक्त, लघवी कमी होणे किंवा तीन दिवसांपुढे जुलाब, यांपैकी काहीही आढळल्यास तिथल्या डॉक्टरांना दाखवावे. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि वृद्धांच्या बाबतीत इतके थांबू नये. बॅगेतून नेलेली अँटिबायोटिकची किंवा जुलाब बांधण्याची गोळी मनाने घेऊ नये.

आपल्या स्वयंपाकघरात

ज्यांना अमेरिकेला जायचे नाही, त्यांनी हे सारे आपल्या कोंबडीला लावावे. आपला रस्सा रटरटा उकळतो. तुकडे लहान असतात, त्यामुळे कच्चे राहण्याची भीती थोडी. धोका असतो तो कोंबडी धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांचा आणि त्याच पाटावर चिरलेल्या कांदा-लिंबाचा. दुसरा धोका रात्रभर ओट्यावर राहणाऱ्या पातेल्याचा. गटारीला, जत्रेला, घरच्या कार्याला मोठ्या पातेल्यात रस्सा होतो आणि 'सकाळी चांगला मुरतो' म्हणून तसाच ठेवला जातो. चव मुरते हे खरे, पण त्या कोमट पातेल्यात जंतूही मुरतात. पातेल्यातला रस्सा लहान भांड्यांत काढावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर त्या वेळेपुरताच करावा. भात, खिचडी, डाळ यांनाही दोन तासांचा हाच नियम लागू आहे.

अख्खी कोंबडी भाजणाऱ्यांनी मात्र थर्मामीटर घ्यावाच. आतला आकडा १६५ झाला की आच बंद करावी. त्याआधी काढू नये आणि त्यानंतर उगाच रेंगाळू नये. कोरडे मांस आणि बाधलेले पोट, दोन्ही टाळण्याचा उपाय एकच आहे आणि तो फारसा महागही नाही.